आवडीचा विषय, पालकाच्या सहीनिशी

जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि आठवीच्या वर्गात एक कागद फिरतो. महाराष्ट्रातल्या पोराला त्याची आवड सरकारी पातळीवर विचारली जाण्याचा हा पहिला प्रसंग. पर्याय तीन असतात: हिंदी संपूर्ण, संस्कृत संपूर्ण किंवा हिंदी-संस्कृत संयुक्त. तिन्हींतून एक कसा निवडायचा, याची रीत मात्र पोराच्या जन्माआधीच ठरलेली आहे. शाळेत संस्कृतचे शिक्षक नसले तर हिंदी. असले तर संस्कृत, कारण त्यात मार्क पडतात. संस्कृतचे शिक्षक आहेत पण त्यांचे तास भरत नाहीत, अशी स्थिती असली तर संयुक्त. “संस्कृत का घेतलंस रे?” “मार्क पडतात.” “पण आवडतं का?” “मार्क पडतात म्हणलं की!” हा संवाद गेल्या दोन-तीन पिढ्यांत कुठल्याही शाळेच्या व्हरांड्यात ऐकू आला असता, आणि त्यात दुसऱ्यांदा उत्तर देणाऱ्याचा आवाज किंचित चढलेला असतो, कारण समोरच्याला साधी गोष्ट कळत नाही याचं त्याला वाईट वाटतं. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या वेळापूरकरांना या संयुक्त प्रकाराचं नवल वाटायचं कारण नाही. गावातल्या यादवकालीन देवळातला देवच मुळी अर्धनारीनटेश्वर. पण तिथं निदान दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं; पार्वतीनं तर आई नको नको म्हणत असताना तप करून नवरा निवडला. आठवीतल्या संयुक्तात हिंदीनं संस्कृतला पसंत केलेलं नसतं, पोरानं दोघींनाही पसंत केलेलं नसतं, आणि लग्न लावून मोकळं झालेलं असतं ते शाळेचं वेळापत्रक.

माझं म्हणणं असं की, सहावी ते आठवीच्या पोरांना दिलेले निवडीचे विषय ही मोठ्या माणसांची हौस आहे. निवड सरकार करतं, शाळा करते, आई करते, वडील आईच्या निवडीवर सही करतात. पोराचा त्यातला सहभाग हजेरीपुरता. हे म्हणणं टोकाचं वाटेल. म्हणून आधी आकडे पाहू, कारण आपल्याकडे आवड ही गोष्ट एकट्यादुकट्याला होऊ देत नाहीत, तिला गणपूर्ती लागते. जून २०२५ मध्ये शासनानं काढलेल्या निर्णयात पहिली ते पाचवीला तिसरी भाषा सर्वसाधारणपणे हिंदी राहील असं म्हटलं होतं, आणि हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर इयत्तेतल्या किमान २० विद्यार्थ्यांनी तशी इच्छा दाखवावी अशी अट होती. महिना संपायच्या आत तो निर्णयच मागे घेतला गेला, पण अट मनात राहिली. सोलापूर जिल्ह्यात कन्नड आणि तेलुगू बोलणारी घरं थोडीथोडकी नाहीत. त्यातल्या सहा वर्षांच्या एखाद्या पोराला वाटलं की आपण कन्नड शिकावं, तर त्यानं आणखी १९ जण गोळा करायचे, त्यांना शेवटपर्यंत फुटू द्यायचं नाही, आणि त्यातला एक जण गोवर येऊन घरी बसला तर विसावा शोधायला गल्लोगल्ली हिंडायचं. एवढं जमणाऱ्या पोराला पहिलीत बसवण्यात अर्थ नाही, त्याला थेट साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर घ्यावं.

दुसरा आकडा शंभराचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे की, सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अर्धवेळ निदेशक द्यावेत. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि खर्चाचा हिशेब तर त्याहून चांगला. पण त्यातून निघणारा सिद्धांत असा की, शंभर पोरांपर्यंत कला सुप्त असते. एकशे एकावं पोर दाखला घेऊन आलं की ती एकदम उफाळून येते. ते पोर दिवाळीनंतर मामाच्या गावच्या शाळेत गेलं की पुन्हा निजते. एखाद्या लहान गावात पट अठ्ठ्याण्णव असेल तर गुरुजींनी चित्रकलेसाठी आणखी तीन पोरं कुठून आणावीत? ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांबरोबर पोरं येतात, तेव्हा पट वाढतो. म्हणजे मग या भागात चित्रकला आणि गाळप हंगाम एकाच वेळी सुरू होणार आणि पट्टा पडला की दोन्ही बंद.

कुणी म्हणेल, हे आजकालचं झालं. पूर्वीच्या थोर लोकांनी मुलांच्या हाताला काम देण्याचा केवढा विचार केला होता. केला होता, यात शंका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद भरली, गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, झाकिर हुसेन यांच्या समितीनं अभ्यासक्रम आखला, आणि पोरांच्या हातच्या मालातून शिक्षकाच्या पगाराला हातभार लागावा अशीही अपेक्षा होती. पुढं कित्येक मराठी शाळांत सूतकताईचा तास आला. टकळी आली, पेळू आले. पोरांनी प्रयत्न केला. सूत तुटलं, जोडलं, पुन्हा तुटलं, शेजारच्याच्या सुतात गुंतलं, आणि त्या सुतावर शिक्षकाचा पगार निघायचा असता तर गुरुजींना पहिल्याच महिन्यात उसनवारी करावी लागली असती. मात्र टकळी जमिनीवर भोवऱ्यासारखी फिरते आणि कुणाची जास्त वेळ फिरते यावर पैज लावता येते, हा शोध पोरांनी स्वतःच्या बळावर लावला. तो कुठल्याही समितीच्या अहवालात नाही. माझ्या लेखी त्या तासाला झालेली खरी निवड तेवढीच.

नंतर १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोग बसला, त्यानं कार्यानुभव आणला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीनं त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असं नाव सुचवलं. ते फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहीपर्यंत निम्मा तास जातो, ही त्यातली सर्वांत उपयुक्त बाजू. नावं बदलत गेली तरी माल तोच राहिला: भेंडीचे ठसे, आइसक्रीमच्या काड्यांचं घर, लोकरीचं तोरण, मेणबत्ती, आणि टाकाऊपासून टिकाऊ या सदरातली ती फुलदाणी, जी टाकाऊही नसते आणि टिकाऊ तर नसतेच. या वस्तू कोण करतं, हे सर्वांना ठाऊक आहे. रात्री साडेनऊला, भांडी घासून झाल्यावर, दप्तर भरता भरता आवाज येतो, “आई, उद्या झुंबर न्यायचंय.” “कधी सांगितलं बाईंनी?” “मागच्या महिन्यात.” मग डिंक सापडत नाही, कात्री आजोबांनी मिशीला नेलेली असते, चकाकी कागद म्हणून जुन्या लग्नपत्रिका फाडल्या जातात, वडील मधेच येऊन “हे असं नसतंय, सरक” म्हणून मांडी घालून बसतात, आणि साडेअकराला पोर गाढ झोपलेलं असताना नवराबायकोत तोरणाच्या गाठीवरून जुनी भांडणं निघतात. कार्याचा अनुभव येतो, भरपूर येतो, पण ज्याच्या प्रगतिपुस्तकात श्रेणी पडायची त्याला सोडून. ज्या घरात कुणालाच वेळ नसतो ते स्टेशनरीच्या दुकानातून तयार घर, तयार किल्ला घेतात. पूर्वी तो थर्माकोलचा असे. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यावर स्वराज्याला पुठ्ठ्यावर यावं लागलं. बाई श्रेणी देतात, आणि सगळे किल्ले एकाच दुकानातले असल्यामुळे न्यायानं सगळ्यांना सारखी देतात.

मूल्यमापन हा तर स्वतंत्र कलाप्रकार आहे. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक पोराच्या कला-कार्यानुभवाबद्दल गुरुजींनी दोन ओळी लिहाव्यात असं ठरलं. कल्पना सुंदर. पण पोषण आहार मोजून, ऑनलाइन माहिती भरून, मतदार यादी तपासून उरलेल्या वेळात साठ पोरांच्या साठ आवडी निरखणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून नोंदींची तयार यादीच एकमेकांना पाठवली जाते आणि मग जिल्ह्यातली सगळी पोरं ‘चित्रे आवडीने काढतो’, ‘कागदकामात रस घेतो’, ‘तालासुरात गातो’ होतात. मुलींच्या पुस्तकातही घाईत ‘काढतो’च राहतं. इतक्या पोरांना इतक्या गोष्टींची आवड असलेला प्रदेश जगात दुसरा नसावा. मोठी झाल्यावर ही माणसं कुठं जातात, तेवढंच कोडं आहे.

इथं कुणी शहाणा माणूस मला अडवील. म्हणेल, तुमचं दुखणं एवढंच ना की मार्क नसल्यामुळे कुणी गंभीरपणे घेत नाही? मग द्या मार्क. तोही प्रयोग आपण केला आहे. शासकीय रेखाकला परीक्षा आहेत, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, आणि त्यांच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. खेळाडूंना मिळतात, लोककलेलाही मिळतात. परिणाम असा झाला की, ज्या घरात भिंतीवर पेन्सिल उठवली म्हणून पोराला रट्टे बसत होते, तिथं सातवीच्या सुट्टीत स्थिरचित्राचा क्लास लावला जातो. “गुरुजी, याचा हात बसंल का इंटरमीजिएटपर्यंत?” “आवड आहे का त्याला?” “आवडीचं बघू नंतर. आधी हात बसवा.” मग ते पोर रोज संध्याकाळी एक तांब्या, दोन वांगी आणि एक घडीचा टॉवेल काढत राहतं. परीक्षा संपली की त्या घरातले रंग पुन्हा बाहेर निघतात ते थेट पोळ्याला, बैलाच्या शिंगांसाठी. लोककलेचं तर विचारूच नका. आषाढात माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला येते, इथं भारुडाचा मान आहे, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहणारं पोर पुढचे पंधरा दिवस टॉवेल डोक्यावर घेऊन बहिणीसमोर सोंग काढतं: आवाज बदलून, मुरका मारून, मधेच ताल सांभाळून. तोंडपाठ, एकही ओळ न चुकता. “प्रमाणपत्र आहे का?” नाही. मग ते मर्कटपणात जमा.

तर मार्क ठेवले की विषयाला मार्क खातात. आता मार्क काढून टाकले तर काय होतं, तेही पाहू. मार्क नसलेला तास गणिताचे सर खातात. हा निसर्गनियम आहे. वेळापत्रकात बुधवारी सहावा तास चित्रकला असं लिहिलेलं असतं. पोरं खडूचे रंग काढून बसतात आणि दारात सर उभे. “आजचा दिवस तेवढा देता का बाई? त्रिकोणाची एकरूपता राहिलीय.” आजचा दिवस तेवढा, असं म्हणत जूनमध्ये घेतलेला तास मार्चमध्ये परत मिळतो, तेव्हा परीक्षेचे फलक रंगवायला पोरं लागतात. गणिताच्या सरांना मी दोष देत नाही. त्यांच्या विषयाच्या निकालाचा जाब त्यांना विचारतात. भेंडीच्या ठशाचा निकाल कमी का लागला म्हणून आजवर कुणा मुख्याध्यापकाला नोटीस गेलेली नाही.

जुलै २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं यावर उपाय काढला आहे. सहावी ते आठवीत सुतारकाम, विजेचं काम, धातुकाम, बागकाम, मातीकाम अशा कामांची हातानं ओळख करून देणारा अभ्यासक्रम असावा, आणि तो मजेचा असावा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मजा करावी असं शासकीय दस्तऐवजात लिहिलं की अंमलबजावणीचा अहवाल मागवला जाणार, हे ओघानं आलंच. शिवाय दप्तराविना दहा दिवस असावेत आणि त्या दिवसांत पोरांनी गावातल्या कारागिरांकडे जावं, अशीही सूचना आहे. आपल्या राज्यानं २०२४ मध्ये आनंददायी शनिवार आणला. दप्तराविना दिवसाची घोषणा वर्गात साधारण अशी होते: “उद्या कुणीही दप्तर आणायचं नाही. फक्त वही, पेन, कंपासपेटी, डबा, पाण्याची बाटली, आणि ज्यांचं शुद्धलेखन राहिलंय त्यांनी ती वही.” दुसऱ्या दिवशी पोरं हे सगळं बाजाराच्या पिशवीत घालून आणतात. दप्तराला निदान दोन पट्टे असतात, पिशवीनं एकच बोट कापतं. त्यानंतर आनंद झाला का, यावर दहा ओळी लिहायच्या.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा: खेड्यात शिकवायला माणसं कुठं आहेत? हा आक्षेप करणाऱ्यानं वेळापूरच्या चौकात एक चक्कर मारावी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला डोळे मिटून वेल्डिंग मारणारा मिस्त्री आहे. पाण्यात बुडालेली मोटर वर काढून, बांधून, संध्याकाळपर्यंत पुन्हा चालू करणारा आहे. ठिबकच्या नळ्या अंथरणारा आहे, गुळाच्या काहिलीत पाक कधी उतरवायचा हे वासावर सांगणारा आहे, दोन-तीन भाषांत भाव करणारे व्यापारी आहेत. धोरण ज्यांना स्थानिक तज्ज्ञ म्हणतं ते सगळे इथं चहा पीत उभे असतात. अडचण वेगळीच आहे. त्यातला एखादा आठवी नापास असणार, आणि आठवी नापास माणसाला आठवीच्या वर्गावर कसं पाठवायचं, असा शेरा फाइलवर पडणार. “मिस्त्री, शाळेत येऊन पोरांना शिकवाल का?” “शिकवतो की. पण मला त्या शाळेतनं त्यांनीच घालवलंय, तेवढं विचारून घ्या.” हे जमणारच नाही असंही नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या अभ्यासक्रमात आठवीपुढची पोरं जोडकाम, बांधकाम, शेती, वीज हे हातानं करतात आणि गावाला लागणारी कामं करून देतात. म्हणजे मार्ग आहे, तो मराठीतच आहे, आणि चाळीस वर्षं जुना आहे. पण मोठ्या माणसांना त्यात हौस भागवायला जागा कमी मिळते. पोरानं स्वतः लोखंड जोडलं तर आईनं रात्री काय करायचं?

दुसरा आक्षेप पालकांचा. अकरा-बारा वर्षांच्या पोराला काय कळतं? आज चित्रकार, उद्या कंडक्टर, परवा यूट्यूबवाला. त्याच्या आवडीवर विसंबायचं कसं? मान्य. पण आवड न कळणं हा वयाचा दोष धरला तर चाळिशीतल्या माणसांचं काय करायचं? एक वर्ष डाळिंब, रोग पडला की केळी, केळी पडली की पुन्हा ऊस, आणि मधल्या काळात शेळीपालनाचं प्रशिक्षण. यांना कुणी पालकाची सही मागत नाही. परदेशी गेल्यावर तरी सुटका होईल, असं वाटत असेल तर तेही खोटं. अमेरिकेत सहावी ते आठवीच्या शाळांत निवडीचे विषय खरेच असतात: वाद्यवृंद, समूहगान, नाटक, लाकूडकाम, स्वयंपाक. तिथल्या मराठी घरातलं पोर ट्रॉम्बोन घेऊन घरी आलं की आईबापांची काळजी भाषा सोडून सगळी वेळापूरचीच असते. “कोडिंग नव्हतं का रे?” “होतं.” “मग?” “हे मोठं वाजतं.” इतकं प्रांजळ कारण आपल्याकडे पन्नास वर्षांत कुणी आठवीच्या कागदावर लिहिलेलं नसेल. त्याची भरपाई रविवारी सकाळी होते, जेव्हा त्याच पोराला गाडीत घालून मंडळाच्या मराठी शाळेत नेतात. ती ऐच्छिक असते, असं आईवडील सांगतात. पोर मागच्या सीटवर काही बोलत नाही.

राहता राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो गुरुजी मंडळींचा लाडका आहे: पोरांना खरंच निवडू दिलं तर सगळी क्रिकेट मागतील. मागू देत. क्रिकेट हा विषय म्हणून रीतसर लावावा, आठवड्याला चार तास. पाठ्यपुस्तक काढावं. पहिला धडा ‘चेंडू: स्वरूप व व्याप्ती’. स्वाध्यायात ‘पायचीत होण्याची कारणे सांगा’, ‘क्षेत्ररक्षणाचे महत्त्व पाच ओळींत लिहा’, ‘योग्य जोड्या लावा: यॉर्कर, यष्टी, यष्टिरक्षक’. निबंधाला ‘मी स्टंप बोलतोय’. तपकिरी कव्हर घातलेली प्रात्यक्षिक वही ठेवावी. तिच्यात उजवीकडे आकृती पेन्सिलनं आणि डावीकडे निरीक्षण शाईनं. अंतर्गत वीस गुणांसाठी पुठ्ठ्याचं वानखेडे स्टेडियम करून आणायचं, म्हणजे आईलाही अंतर पडायला नको. वीस जणांनी इच्छा दाखवली तरच ऑफस्पिन, नाहीतर सर्वांना मध्यमगती. दिवाळीपर्यंत धीर धरावा. त्या सुमारास पोरं आपण होऊन शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येतील आणि विचारतील, “सर, आजचा क्रिकेटचा तास गणिताला घेता का? एकरूपता राहिलीय.”